टोपी उतरल्यावर

आपल्या मराठीत टोपीचे प्रस्थ मोठे आहे. कोणी कोणाला टोपी घालतो, कोणी वारा पाहून टोपी फिरवतो, तर कोणाची भर सभेत टोपी उडवली जाते. आजोबांच्या पिढीत बोडक्या डोक्याने घराबाहेर पडले तर लोक काळजीने विचारीत, "काय, घरी सगळं ठीक आहे ना?" डोके झाकलेले असले की माणसाची अब्रूही झाकलेली राहते, अशी काहीशी ती समजूत असावी. संगणकाच्या डोक्यावरही अशी एक टोपी असते आणि प्रसंग पडला तर तीही उतरवावी लागते, हे मात्र मला २०२४ च्या एप्रिल महिन्यापर्यंत ठाऊक नव्हते.

मी कला शाखेची विद्यार्थिनी. संगणकाशी माझा संबंध प्रबंधिकेचे टंकन आणि परीक्षेचा अर्ज एवढ्यापुरताच. विज्ञान शाखेच्या इमारतीवरून जातानासुद्धा आम्ही मंडळी जरा अंग चोरूनच जातो. तेव्हा प्रोसेसरच्या दुखण्यावर मी लेख लिहावा, याचे मैत्रिणींना हसू येईल. पण त्या आठवड्यात जे पाहिले त्यातले पुष्कळसे आमच्याच अभ्यासातले होते, असे मला अजून वाटते. ते कसे, ते सांगते.

माझ्या मामांचे वाईला गणपती आळीत डीटीपीचे छोटेसे दुकान आहे. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे अहवाल, निधनवार्तेचे कार्ड, वास्तुशांतीचे निमंत्रण. माणसाच्या आयुष्यातले सगळे सोहळे आणि सगळी दुःखे त्या दहा बाय बाराच्या खोलीतून जातात. कामाचा संगणक एकच, आणि त्यातला प्रोसेसर २०१२ सालच्या पिढीचा. बारा वर्षांचा संगणक म्हणजे पेन्शनीत निघालेला माणूसच. पण तो बदलणे सोपे नव्हते. मामांचे वर्षानुवर्षांचे काम युनिकोडच्या आधीच्या अक्षरसंचात साठवलेले, आणि तो अक्षरसंच चालवणारे सॉफ्टवेअर त्या एकाच यंत्रावर बसवलेले. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की 'चि. सौ. कां.' च्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. नवे यंत्र, नवी प्रणाली, नवा खर्च, आणि त्यात ऐन लग्नसराई!

उन्हाळा वाढला तसा संगणक दुपारी दमू लागला. पत्रिकेवरचा गणपती जरा मोठा करायला घेतला की पडदा गोठून जायचा. गिऱ्हाईक समोर बसलेले, मामा माऊस हलवताहेत आणि गणपती हलत नाही, असे दृश्य रोजचे झाले. माझा मामेभाऊ, ज्याला मी दादा म्हणते, त्याने निदान केले की प्रोसेसर तापतो आहे. काम पडल्यावर मिनिटभरात त्याचे तापमान ९८ अंशांवर जाते, आणि तसे झाले की जीव वाचवण्यासाठी तो आपणहून आपला वेग कमी करतो.

दादाविषयी दोन शब्द सांगायला हवेत. त्याने इंजिनिअरिंगचे शिक्षण दुसऱ्या वर्षातच सोडले होते. घरात त्याविषयी कोणी बोलत नसे, पण आळीत सगळे बोलत. 'मामांचा मुलगा हल्ली काय करतो?' या प्रश्नाला मामा 'दुकानात असतो' असे उत्तर देत आणि विषय बदलत.

त्याने पंख्यातली धूळ काढली, प्रोसेसर आणि वरचा धातूचा उष्णताशोषक यांच्यामधली पेस्ट नव्याने लावली. तापमान ढिम्म. ९८ चे ९६ झाले, इतकेच. तेव्हा तो म्हणाला, "दोष टोपीच्या आत आहे."

प्रोसेसर म्हणून आपण जी चौकोनी चकचकीत वडी पाहतो ती वरून दिसणारी नुसती टोपीच असते. तांब्याची, वर निकेलचा मुलामा दिलेली. खरा प्रोसेसर तिच्या आत, बोटाच्या नखाएवढी सिलिकॉनची पातळ चकती. या पिढीच्या चार गाभ्यांच्या चकतीचे क्षेत्रफळ १६० चौरस मिलिमीटर, आणि तेवढ्यात सुमारे १४० कोटी ट्रान्झिस्टर! एवढ्याशा जागेतून सत्तर-पंच्याहत्तर वॉट उष्णता बाहेर पडायची, म्हणजे ती पसरवायला वर धातू हवा. शिवाय उघडे सिलिकॉन काचेसारखे ठिसूळ, त्याचा कोपरा तडकू नये म्हणूनही टोपी हवी. पण दोन पृष्ठभाग कितीही गुळगुळीत असले तरी मध्ये हवा उरतेच, आणि हवेतून उष्णता नीट जात नाही. म्हणून चकती आणि टोपी यांच्यामध्ये काहीतरी भरावे लागते. त्या घराण्यातल्या २०११ च्या प्रोसेसरांत हा सांधा डाख देऊन केलेला होता, २०१२ पासून तिथे राखाडी पेस्ट आली, आणि २०१८ साली काहींमध्ये पुन्हा डाख आला. पेस्ट वर्षानुवर्षांच्या तापण्या-निवण्याने वाळते. त्यात टोपीची कड ज्या काळ्या गोंदाने चिकटवलेली असते त्याची जाडी टोपीला किंचित वर उचलून धरते. म्हणजे टोपी डोक्याला पुरती टेकलेलीच नसते!

"मग पुण्याहून दुसरा जुना प्रोसेसर आणू," मामा म्हणाले.

"बाबा, त्याच्याही टोपीखाली तीच बारा वर्षांची वाळलेली पेस्ट असणार."

मामा थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बघ."

आमच्या मामांच्या 'बघ' या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, करून बघ. दुसरा, बिघडले तर बघ! त्या दिवशी त्यांनी कोणत्या अर्थाने म्हटले ते आम्हा दोघांनाही कळले नाही.

रविवारी दुकान बंद ठेवून दादाने टोपी उतरवली. त्यासाठी एक छोटे साधन मिळते. त्यात प्रोसेसर बसवून स्क्रू हळूहळू फिरवला की टोपी बाजूला रेटली जाते. 'कट्' असा आवाज झाला आणि मी डोळे मिटले. उघडून पाहते तो टोपी एकीकडे आणि हिरवी पाटी एकीकडे. जुनी पेस्ट भस्मासारखी कोरडी पडली होती. ती पुसल्यावर खालून जी चकती निघाली तिच्यात खोलीतला दिवा दिसत होता. कडेचा काळा गोंद दादाने जुन्या प्लॅस्टिकच्या कार्डाने खरवडला; लोखंडी पाते वापरले तर पाटीतल्या केसासारख्या तारा तुटायची भीती. मग त्याने सुईच्या नळीतून एक चमकता थेंब चकतीवर सोडला. मला तो पाराच वाटला. तो गॅलियम, इंडियम आणि कथिल यांचा मिश्रधातू होता. नुसते गॅलियम २९.७६ अंशांना वितळते, म्हणजे तळहातावर ठेवले तरी पाणी होते. ॲल्युमिनियमला मात्र तो पोखरून टाकतो, म्हणून तो कुठे सांडता कामा नये. तांब्याच्या आणि निकेलच्या टोपीला ती भीती नाही. पुढच्या, २०१३ च्या पिढीत चकतीच्या शेजारीच बारीक विद्युत्‌भाग असतात. त्यांच्यावर थेंब पडला तर सगळेच संपते, म्हणून जाणकार लोक आधी त्यांना नेलपॉलिश लावून घेतात, असे दादा म्हणाला. आमच्या प्रोसेसरला त्याची गरज नव्हती. प्रोसेसरशास्त्रात माझ्याकडून काही मदत होण्याची ती एकमेव संधी होती, तीही गेली.

सगळे जिथल्या तिथे बसवून बटण दाबले. पंखे फिरले. पडदा काळा. पुन्हा दाबले. पंखे फिरले. पडदा काळाच.

मामी दारात येऊन म्हणाल्या, "मेलं का रे ते?" शेजारचे झेरॉक्सवाले काका डोकावले आणि "उघडलं म्हणजे गेलंच!" असे सांगून गेले. मामा काहीच बोलले नाहीत. त्यांनी टेबलावरचा राहिलेल्या पत्रिकांचा गठ्ठा उचलला आणि ते साताऱ्याला एका स्नेह्यांच्या दुकानात काम होते का पाहायला निघून गेले. ते रागावले असते तर बरे झाले असते. दादा स्टुलावर बसून राहिला. "कोपरा तडकला असणार," तो म्हणाला. "लोक म्हणतात ते खरं आहे. माझ्या हातून काही पुरं होत नाही."

निकाल लागला होता. प्रोसेसरचाही आणि त्याचाही. पुरावा कोणी पाहिला नव्हता, पण टोपी उतरवली होती ना, मग अपराधी दुसरा कोण असणार?

मला त्या वेळी आमच्या वर्गातली एक गोष्ट आठवली. जुन्या ग्रंथाच्या चार पोथ्या समोर असल्या आणि एका ओवीत चार ठिकाणी चार शब्द दिसले, तर लगेच 'नकलणाऱ्याने घोटाळा केला' असे म्हणून मोकळे व्हायचे नसते. आधी पाठभेद नोंदवायचे. कोणता शब्द कोणत्या पोथीत, हे नुसते मांडायचे. मांडता मांडताच पुष्कळदा दिसू लागते की चूक कोठे शिरली. याला पाठचिकित्सा म्हणतात, आणि परीक्षेत तिच्यावर हमखास टीप येते. मी एक वाया गेलेली पत्रिका उलटी केली आणि पाठकोऱ्या बाजूवर दोन रकाने आखले: 'काय बदलले' आणि 'काय दिसले'. दादाला म्हटले, "एका वेळी एकच गोष्ट बदलायची. मी लिहिते."

पहिला प्रश्न असा ठरला: तो मेला आहे की नुसता गप्प आहे? या दोहोंत फरक कसा करायचा, हे दादालाच सुचले. सगळ्या वीजजोडण्या पुन्हा दाबून पाहिल्या. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल काही वेळ काढून जुन्या नोंदी पुसल्या. हार्डडिस्क आणि इतर सगळे सोडवले. मग त्याने मदरबोर्डला एक छोटा भोंगा जोडला आणि रॅमच्या दोन्ही पट्ट्या मुद्दाम काढून टाकल्या. संगणक सुरू होताना मदरबोर्डवर साठवलेला एक छोटा प्रोग्राम चालतो. तो रॅम शोधतो आणि सापडली नाही तर भोंग्यातून तक्रार करतो. पण हा प्रोग्राम चालवतो कोण? प्रोसेसरच! म्हणजे भोंगा वाजला तर प्रोसेसर जिवंत आहे. तक्रार करायलासुद्धा अंगात जीव असावा लागतो.

बटण दाबले. क्षणभर काहीच नाही. मग लांबलचक 'बीऽऽप', पुन्हा 'बीऽऽप'. मामी स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि म्हणाल्या, "रडला वाटतं!" बाळंतिणीच्या खोलीबाहेर जो सुटकेचा श्वास टाकतात तसा आम्ही तिघांनी टाकला. मी रकान्यात लिहिले: 'रॅम काढली, ओरडला.'

आता पुढचा प्रश्न सोपा झाला. रॅमशिवाय ओरडतो, रॅम लावली की गप्प. मदरबोर्डवर रॅमच्या चार खोबण्या होत्या. दोन पट्ट्या आणि चार खोबण्या, म्हणजे एकेक पट्टी एकेका खोबणीत लावून आठ प्रयोग. कंटाळवाणे काम, पण पाठभेद असेच काढावे लागतात. आठ ओळी भरल्यावर कागदानेच उत्तर दिले. डावीकडच्या दोन खोबण्यांत कोणतीही पट्टी लावा, पडदा काळा. उजवीकडच्या दोन खोबण्यांत कोणतीही लावा, पडदा उजळतो! म्हणजे दोन्ही पट्ट्या निर्दोष. बिघडली होती ती एक वाट.

दादाने ती वाट समजावून सांगितली. पूर्वी रॅमशी बोलणारे मंडल मदरबोर्डवर वेगळे असे. या प्रोसेसरांत ते प्रोसेसरच्या पोटातच आहे, आणि त्याच्या दोन वाटा आहेत. प्रोसेसरच्या पाठीवर सोनेरी ठिपके असतात आणि खालच्या बैठकीत तेवढेच लवलवते काटे, ११५५. त्यांपैकी अनेक काटे त्या त्या वाटेचे. एखादा जरी नीट टेकला नाही तरी ती वाट बंद. तेव्हा संशयित उरले तीन: मदरबोर्ड, प्रोसेसरचे पोट, आणि या दोघांमधला स्पर्श. पहिले दोन बिघडले असतील तर आमच्या हाती काही नव्हते. म्हणून जे काही न मोडता तपासता येते ते आधी तपासायचे.

प्रोसेसर पुन्हा बाहेर काढला. नुसत्या डोळ्यांना ठिपके सगळे सारखेच दिसत होते. तेवढ्यात मामा साताऱ्याहून परतले. टेबलावर तो पाठकोरा कागद पडला होता. त्यांनी तो उचलून वरपासून खालपर्यंत वाचला, जणू काही प्रूफ तपासताहेत. मग काही न बोलता खण उघडला आणि रंगीत छपाईतले ठिपके तपासायचे आपले भिंग काढले. उभ्या आयुष्यात त्यांनी त्या भिंगातून किती ठिपके पाहिले असतील याचा हिशेब नाही. चष्मा कपाळावर सरकवून ते प्रोसेसरवर वाकले.

"हे काय आहे रे? तुसासारखं. काळं."

दादाने भिंग घेतले. एका कडेच्या ठिपक्यावर काळ्या गोंदाचा एक तंतू चिकटला होता. खरवडताना उडालेला, केसाहून थोडा जाड. दादाने अल्कोहोलमध्ये कापूस भिजवून तो अलगद टिपला आणि बैठकीतले काटे टॉर्चने निरखले. एकही वाकलेला नव्हता. तिथे कापूस न्यायचा नाही, असे त्याने मला बजावले. काटे कापसाच्या धाग्यातही अडकतात.

चारही खोबण्या चालू झाल्या. पडद्यावर मामांचे जुने चित्र उमटले, मेणवलीचा घाट. मामांनी लगेच खुर्ची पुढे ओढली, कारण पत्रिका थांबल्या होत्या. पण दादा म्हणाला, "अजून नाही, बाबा." त्याने प्रोसेसरला पूर्ण कामाला लावून चारही गाभ्यांची तापमाने पाहिली. तीन गाभे ६६ च्या आसपास, चौथा एकटाच ८४. मला वाटले, ९८ पेक्षा बरेच आहे की! दादा म्हणाला, "तीन थंड आणि एक गरम म्हणजे पंख्याचा दोष नाही, पंखा सगळ्यांना सारखाच आहे. तिथे टोपी टेकलेली नाही, नाहीतर धातू पसरलेला नाही." हे तो कोणाकडेही न बघता, अगदी शांतपणे म्हणाला. दुपारचा दादा तो हा नव्हता.

टोपी अजून चिकटवलेली नव्हती, नुसत्या बैठकीच्या कडीने दाबून बसवली होती, म्हणून उघडणे सोपे गेले. आणि दिसले ते असे. चकतीवर धातू नीट माखला होता, पण टोपीच्या आतल्या बाजूला एका ठिकाणी तो पसरलाच नव्हता, गोळा होऊन बसला होता. अळवावरचे पाणी! हा धातू नुसता ठेवून भागत नाही. दोन्ही अंगांना कापसाच्या काडीने घासून घासून लावला तरच धरतो. तेवढे केले, कडी लावताना टोपी सरकू नये म्हणून मी बोटाने धरून ठेवली, आणि पुन्हा मोजले: ६४, ६६, ६७, ६५. आठ दिवस तसेच चालवून पाहिल्यावर दादाने चार कोपऱ्यांना गोंदाचे चार बारीक ठिपके दिले. पूर्वीसारखी जाड कड नाही.

या सगळ्यातून मी संगणक शिकले असे मी म्हणणार नाही. मी शिकले ते संशयाविषयी. बिघाड झाला की आपले मन ताबडतोब सर्वांत उघड्या माणसाकडे वळते. ज्याची टोपी उतरली आहे, ज्याचे नाव आधीच झाले आहे, ज्याने शेवटचा हात लावला आहे, तोच अपराधी. तेवढ्याने आपले समाधान होते आणि शोध थांबतो. दुकानातला कोणीही त्या दिवशी खोटे बोलत नव्हता. बिघाड खरोखरच टोपी उतरवल्यामुळेच आला होता. पण 'गेलंच' आणि 'एक तंतू अडकला आहे' यांच्यामध्ये जे अंतर आहे, ते चालून जायला तिथे कोणी तयार नव्हते. ते अंतर एकेका प्रश्नाने कापायचे असते, आणि प्रश्न असा विचारायचा की उत्तर 'हो' आले तरी पुढे जाता यावे आणि 'नाही' आले तरी पुढे जाता यावे. 'मेला का?' या प्रश्नाने आम्ही कोठेच पोचलो नव्हतो. 'ओरडतो का?' या प्रश्नाने पोचलो.

ज्या गॅलियमचा थेंब आम्ही वापरला त्याची कथाही अशीच आहे, हे मला मागाहून वाचनात आले. मेंडेलीव्हने मूलद्रव्ये क्रमाने मांडली तेव्हा ॲल्युमिनियमच्या खाली एक घर रिकामे राहिले. त्याने मांडणी चुकली असे म्हटले नाही, घर रिकामेच ठेवले, आणि तिथे येणारे मूलद्रव्य कसे असेल याचे वर्णन १८७१ साली करून ठेवले. १८७५ साली फ्रान्समध्ये ते सापडले. नीट आखलेल्या रकान्यात रिकामी जागासुद्धा बोलते.

तो पाठकोरा कागद मामांनी दुकानात खिळ्याला अडकवून ठेवला आहे. आता आळीतली माणसे आपले बिघडलेले संगणक घेऊन दादाकडे येतात, झेरॉक्सवाले काकासुद्धा. दादा कोणालाही 'काय बिघडलं?' असे विचारीत नाही. 'शेवटी काय बदललं होतं?' असे विचारतो आणि दोन रकाने आखायला घेतो. मामा आपल्या खुर्चीवरून हे सगळे ऐकत असतात. क्वचित एखादे यंत्र फारच अवघड निघाले आणि दादाने त्यांच्याकडे पाहिले, तर म्हणतात, "बघ." आणि भिंग पुढे सरकवतात. हल्ली त्या शब्दाचा एकच अर्थ होतो.